ओम म्हणजे मिठी

पुण्यात रिक्षात बसायचं एक शास्त्र आहे आणि त्यात मी स्वतःला पारंगत समजतो. बसण्याआधी रिक्षावाल्याच्या कपाळाकडे बघायचं. तिथे 'हाफ रिटर्न' उमटलेलं दिसलं तर पुढच्या रिक्षेला हात करायचा. बसल्यावर तो मीटर टाकेपर्यंत नजर हलवायची नाही. आमच्या घरापासून स्टेशन साडेसहा किलोमीटर. पहिल्या दीड किलोमीटरला पंचवीस आणि पुढे किलोमीटरमागे सतरा, या २०२२ साली ठरलेल्या दराने ११० रुपये होतात. मीटर ११४ म्हणाला की मी "फास्ट आहे" म्हणतो. जुने यांत्रिक मीटर होते तेव्हा दरपत्रक लॅमिनेट करून खिशात ठेवायचो. चार रुपयांसाठी मी स्टेशनबाहेर भर उन्हात भांडलेलो आहे, आणि त्या भांडणापायी गाडी चुकवलेली आहे. चार रुपये मात्र दिले नाहीत.

हा दोष अर्धा गावाचा आणि अर्धा नोकरीचा. एका सहकारी बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागात मी एकतीस वर्षं काढली. समोरचा माणूस खोटा आहे असं धरून सुरुवात करायची आणि तो खरा निघाला तर खट्टू व्हायचं, ही आमच्या खात्याची रीत. शेवटची काही वर्षं तर ग्राहक मेळाव्यांत 'ओटीपी कोणालाही सांगू नका' या विषयावर व्याख्यान द्यायचं काम माझ्याकडेच होतं. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवतो.

निवृत्तीनंतर हिने व्हिएतनाम ठरवलं. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे आणि सोसायटीतली निम्मी मंडळी जाऊन आलेली होती. निघायच्या आदल्या रात्री लेकीने माझा फोन हातात घेतला. "बाबा, रस्त्यावर कुणाशी भाव करत बसू नका. तिथली दोन ॲपं टाकून देतेय. गाडी त्यावरच बोलवा."

"उबर आहे माझ्याकडे," मी म्हणालो.

"तिथे उबर नाही, बाबा."

मला वाटलं, हिला काय ठाऊक. नोइ बाइ विमानतळावर उतरल्यावर मी ऐटीत उबर उघडलं. नकाशावर एकही गाडी नव्हती. मी फोन उंच धरला, खांबामागून धरला, काचेला टेकवून धरला. शेजारी उभ्या असलेल्या एका दिल्लीकर पोराला अखेर दया आली. त्याने सांगितलं की २०१८ च्या मार्चमध्येच उबरने आग्नेय आशियातला आपला सगळा धंदा ग्रॅबला विकला. ही ग्रॅब २०१२ साली मलेशियात 'मायटेक्सी' या नावाने सुरू झालेली. एवढी मोठी कंपनी बाजार सोडून गेली आणि ते मला विमानतळाच्या खांबाला टेकून कळलं. ही म्हणाली, "लेक काय म्हणाली होती?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं.

मग पैसे बदलायला गेलो. तीनशे डॉलर दिले आणि खिडकीतून पंच्याहत्तर लाख डोंग बाहेर आले. रुपयाला साधारण तीनशे डोंग. आयुष्यभर दुसऱ्यांचे लाख मोजले, स्वतःचे पंच्याहत्तर लाख पहिल्यांदाच पँटच्या चोरखिशात गेले. मांडी जड वाटायला लागली. नोटा प्लास्टिकच्या, गुळगुळीत, आणि प्रत्येक नोटेवर हो ची मिन्ह. आपल्याकडे नोटांवर गांधीजी असतात, तेव्हा त्याचं नवल नव्हतं. दहा हजार, वीस हजार, पन्नास हजार, एक लाख, दोन लाख, पाच लाख. मी हिला म्हणालो, "शून्यं नीट बघत जा. हे लोक इथेच गंडवतात."

ॲपवर गाडी मागवली. भाडं तीन लाख दहा हजार, म्हणजे हजारेक रुपये, आणि ते आधीच ठरलेलं. इथेच माझं काहीतरी बिनसलं. घासाघीस करायला समोर माणूसच नाही! मीटर नाही, दरपत्रक नाही, 'काका, परवडत नाही हो' नाही. एकतीस वर्षं तालमीत घाम गाळावा आणि ऐन कुस्तीच्या दिवशी प्रतिस्पर्ध्याने पोस्टाने निकाल पाठवावा, तसं वाटलं.

गाडी आली. पिवळ्या पाटीवर काळे आकडे, अगदी आपल्या टॅक्सीसारखे. पाहून धीर आला. सामान मागे गेलं, ही मागे बसली. मी नेहमीप्रमाणे ड्रायव्हरशेजारी बसायला डाव्या हाताचं पुढचं दार उघडलं आणि आत पाय टाकला. तिथे ड्रायव्हर होता. व्हिएतनाममध्ये वाहनं उजवीकडून चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं, हे मी प्रवासवर्णनांत वाचलेलं होतं. वाचलेलं पायापर्यंत पोचायला वेळ लागतो. माझा गुडघा त्याच्या मांडीवर होता. तो शांतपणे हसला. मी "सॉरी" म्हणून गाडीला वळसा घातला.

बसलो आणि ओटीपी द्यायची वाट पाहू लागलो. आपल्याकडे चार आकडे सांगितल्याशिवाय गाडी हलत नाही. तेवढ्यात फोन थरथरला आणि आकडे आले. चाराऐवजी सहा होते, पण परदेश आहे, असतील सहा. मी खणखणीत इंग्रजीत वाचून दाखवले. ड्रायव्हर म्हणाला, "ओके, ओके." त्याला कळले नसतील म्हणून पुन्हा वाचले. तरी तो नुसताच मान हलवतो म्हटल्यावर विमानाच्या तिकिटामागे ठळक अक्षरांत लिहून त्याच्या हातात दिले. मागून हिचा आवाज आला, "अहो, तो बँकेचा आहे. मघाशी तुम्ही कार्ड जोडत होता ना, त्याचा."

त्या माणसाने तिकीट दोन्ही हातांनी अदबीने परत केलं. ग्राहक मेळाव्यातल्या माझ्या व्याख्यानाला टाळ्या पडायच्या, हे मला उगाचच आठवलं.

विमानतळापासून शहर सुमारे तीस किलोमीटर. वाटेत लाल नदीवरचा न्यात तान पूल लागतो. जपानच्या मदतीने बांधलेला हा पूल २०१५ च्या जानेवारीत खुला झाला. पाच मनोरे, तारांवर झुलणारा रस्ता, आणि रात्री त्यावर रंगीत दिवे. हनोईच्या जुन्या पाच वेशींची खूण म्हणून मनोरे पाच. ही काचेला नाक लावून बघत होती. मी नकाशा बघत होतो, कारण पूल दाखवायच्या मिषाने हा लांबून नेतोय अशी माझी खात्री झाली होती. भाडं आधीच ठरलेलं असेल तर लांबून नेण्यात त्याचंच पेट्रोल जळतं, हा साधा हिशेब मला पुलाच्या दुसऱ्या टोकाला सुचला. तोवर पूल संपला होता. परतताना दिवसाचं विमान होतं, त्यामुळे ते दिवे मी अजून पाहिलेले नाहीत.

आमचं हॉटेल जुन्या शहरात, हांग बुओमवर. ड्रायव्हरने बरंच आधी, रस्त्यात आडव्या लावलेल्या लोखंडी अडथळ्यापाशी गाडी थांबवली आणि सामान काढायला लागला. आता कुठे माझ्या अंगात बळ आलं. दारापर्यंतचे पैसे घेऊन नाक्यावर सोडायचं, ही चाल मी स्वारगेटला शंभरदा पाहिली आहे. मी सीटवरून हललो नाही. "हॉटेल. डोअर," मी म्हणालो. त्याने अडथळ्याकडे बोट दाखवलं. मी हॉटेलच्या दिशेने बोट दाखवलं. मग तो आपल्या फोनशी काही बोलला, फोनने थोडा विचार केला आणि बाईच्या आवाजात स्वच्छ मराठीत सांगितलं, "आज रस्ता पायी जातो."

मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "मग आपणही जाऊ या."

शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत होआन किएम तळ्याभोवतीचे आणि जुन्या शहरातले काही रस्ते वाहनांना बंद करून चालणाऱ्यांना मोकळे ठेवतात. त्यांच्या भाषेत त्याचं नावच 'चालण्याचा रस्ता'. आम्ही शुक्रवारी संध्याकाळीच पोचलो होतो. ड्रायव्हरने आपणहून हॉटेलला फोन लावला, एक मुलगा हातगाडी घेऊन आला, आणि गुडघ्याएवढ्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून बिअर पिणाऱ्या गर्दीतून आमच्या बॅगांची मिरवणूक निघाली. मी मागून चालत बॅगा मोजत होतो. दोनच होत्या, तरी मोजत होतो.

या जुन्या शहराविषयी एक सांगायला हवं, कारण पुढचे दोन दिवस मी त्यात हरवलो. 'हांग' म्हणजे माल. कुठल्या गल्लीत काय विकलं जायचं त्यावरून गल्लीचं नाव. आपली तांबट आळी तशी त्यांची हांग डोंग, तिथे तांबं. हांग बाक चांदीची, हांग बोंग कापसाची, हांग बो टोपल्यांची, हांग बे तराफ्यांची, आमची हांग बुओम जहाजाच्या शिडांची. रस्ता सरळ जातो आणि नाव दर शे-दोनशे पावलांवर बदलतं. त्यात त्यांच्या अक्षरांच्या वर-खाली टोप्या, शेपट्या, टिंबं, आणि मी ते सगळं वगळून फोनवर टंकणार. पहिल्या सकाळी हांग बाकवर उभं राहून मी हांग बेवर गाडी बोलावली. ड्रायव्हर मला शोधत होता, मी त्याला शोधत होतो. दोघं एकाच चौकोनी ठोकळ्याभोवती एकाच दिशेने फिरत असल्यामुळे भेट होण्याची शक्यता नव्हती. शेवटी ही एका जागी उभी राहिली आणि तो तिला सापडला.

दर कोपऱ्यावर मोटरसायकल उभी करून बसलेली माणसं असायची. आम्ही दिसलो की हात वर करून म्हणायची, "से ओम! से ओम!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थबकलो. बौद्ध देश, जुनी संस्कृती, आणि पहाटेच्या पारी कुणीतरी ओंकाराने अभिवादन करतंय. मी चपला नीट जुळवल्या, दोन्ही हात जोडले, मान लववली आणि म्हणालो, "ओम." त्याने ताबडतोब मोटरसायकलला किक मारली आणि माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं. ते काढून परत करेपर्यंत दुसरा आला. त्यालाही मी ओम म्हटलं, कारण एकाला म्हणायचं आणि दुसऱ्याला टाळायचं हे बरं दिसत नाही. चौथ्याच्या वेळी हिने मला दंडाला धरून ओढत हॉटेलात आणलं. स्वागतकक्षातल्या मुलीने हसू दाबत समजावलं: 'से' म्हणजे गाडी, 'ओम' म्हणजे मिठी. मागे बसलेल्याने पुढच्याला मिठी मारून बसायची, म्हणून मिठीची गाडी. मी सकाळपासून हनोईच्या चार पुरुषांना नमस्कार करून गंभीर चेहऱ्याने 'मिठी' म्हणत होतो.

खरी फजिती त्यानंतरची. वान मिएउला जायचं होतं. हे कन्फ्यूशियसचं मंदिर, १०७० साली बांधलेलं, पुढे तिथेच देशातलं पहिलं विद्यापीठ झालं. हॉटेलपासून दोनेक किलोमीटर. ॲप उघडलं तर दोन भाव: एक पन्नास हजारांच्या आसपास, दुसरा अठरा हजार. तपासणी खात्यातला माणूस कुठलं बटण दाबेल हे सांगायला नको. पाच मिनिटांनी रंगीत जाकीट घातलेला एक विशीतला पोरगा स्कूटरवरून आला आणि आमच्या दोघांसमोर एक हेल्मेट धरून उभा राहिला. स्वस्त भावाशेजारी मोटरसायकलचं चित्र होतं. मला ते सजावट वाटलं होतं.

रद्द करायचं माझ्या मनात होतं, पण हिने फोन काढून घेतला आणि स्वतःसाठी दुसरी बोलावली. ही वीस वर्षं पुण्यात लुना चालवलेली बाई आहे. तिचा पोरगा आला, तिने ओढणी कमरेला खोचली, हेल्मेटचा पट्टा टकदिशी लावला आणि गर्दीत दिसेनाशी झाली. माझा पट्टा लागेना. पुण्यात हेल्मेटसक्तीच्या विरोधात तावातावाने सह्या गोळा करणाऱ्यांत मी होतो. इथे १५ डिसेंबर २००७ पासून सक्ती झाली आणि सबंध देशाने मुकाट डोक्यावर घातलं. त्या पोराने माझ्या हनुवटीखाली हात घालून, लहान मुलाच्या टोपरीचा बंद बांधावा तसा, पट्टा लावून दिला.

मिठी मारायची नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. मागची दांडी घट्ट धरली. पहिल्या चौकापर्यंत निश्चय टिकला. चौकात चारी बाजूंनी स्कूटरी पाण्यासारख्या आल्या, एकमेकींत मिसळल्या, कुणी थांबलं नाही, कुणी धडकलंही नाही. आमच्या शेजारून एकजण काचेचं आख्खं कपाट घेऊन गेला. त्या कपाटात मी स्वतःला पाहिलं. डोळे मिटलेले असावेत असं वाटत होतं, पण उघडे होते. आणि दोन्ही हात त्या पोराच्या पोटाभोवती होते. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, इतक्या मनापासून मी कुणाला धरलेलं नाही. पुढे मी नुसतं "ओम, ओम" म्हणत होतो. या खेपेला कुठल्या अर्थाने, ते मलाही सांगता येणार नाही.

उतरल्यावर पाय लटपटत होते, पण हिशेब शाबूत होता. भाडं अठरा हजार. मी निळी वीस हजारांची नोट काढून त्याच्या हातात ठेवली आणि 'उरलेले दोन हजार ठेव' अशी राजेशाही खूण केली. त्याने नोट पाहिली आणि जोरजोरात हात हलवला. नाही, नाही. मी म्हटलं, आली का मूळ स्वभावावर गाडी! ॲपवर ठरलेलं भाडं दिलं, वर बक्षीस दिलं, तरी याला जास्त हवेत. माझ्या घशाला सकाळपासून मिळाला नव्हता तो विषय मिळाला. "ठरलं ते ठरलं!" मी शुद्ध मराठीत म्हणालो. तो नोट नाचवत माझ्याकडे आला. मी दोन पावलं मागे सरलो. तो आणखी जवळ आला. मग मी साठी ओलांडलेल्या माणसाला शोभेल अशा वेगाने दरवाजातून आत शिरलो. तिकिटं आदल्या दिवशीच फोनवर काढलेली होती, ही दूरदृष्टी कामी आली.

आत अंगणाच्या दोन्ही अंगांना दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या केलेल्या शिळा आहेत. राजदरबारच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावं त्यांवर कोरलेली. अशा ८२ शिळा. त्यांच्या आडोशाला मी पंधरा मिनिटं दबा धरून बसलो. फोन पाच-सहा वेळा वाजला. ॲपमधून त्याचेच निरोप, मराठी करून दाखवलेले. पहिला होता, "काका, तुमचा पैसा मोठा आहे." दुसरा, "काका, थांबा, मी धावतो." मी ते धमकी म्हणून वाचले. व्हिएतनामी भाषेत माणूस माणसाला नात्यानेच हाक मारतो. काका, मावशी, दादा, ताई, पुतण्या. हे तेव्हा ठाऊक नसल्यामुळे मला तर तो कुठल्याशा टोळीच्या भाषेत बोलतोय असंच वाटलं. पैसा मोठा आहे म्हणतोय, म्हणजे माझ्या चोरखिशाचाही सुगावा लागला! मी तिथल्या तिथे, कासवाला टेकून, ॲपवर त्याला एक तारा दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'प्रवाशाचा पाठलाग करतो.'

ही सापडली तेव्हा मी तिला सगळं सविस्तर सांगितलं. तो कसा अडवत होता, मी कसा ठाम राहिलो, शेवटी कसा निसटलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही 'अहो' म्हणाली नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पुण्याला परतल्यावर मी सहलीचा हिशेब लिहायला घेतला. हे मी महाबळेश्वरच्या सहलीचंही करतो. खर्च, शिल्लक, बिलं, सगळं मांडलं आणि ४,८०,००० डोंगांची तफावत निघाली. दोन रात्री ती सापडेना. तिसऱ्या रात्री उरलेल्या नोटा दिव्याखाली मांडल्या. वीस हजारांची नोट निळी, मागे होई आनचा जुना जपानी पूल. पाच लाखांचीही निळीच, मागे हो ची मिन्ह यांचं जन्मघर. दोन्हीकडे बघताना पोटात खड्डा पडायला लागला.

ही शेजारी लग्नाला निघायच्या तयारीत होती. खांद्यावर मोरपंखी रेशमी स्टोल.

"हा कुठला?" मी विचारलं.

"हांग गाइ. रेशमाची दुकानं आहेत ना ती गल्ली."

"केवढ्याचा?"

"चार लाख साठ हजार."

"आणि वीस हजार?"

"त्या पोराला बक्षीस. अठराचे वीस देऊन त्याचं भाडं वेगळं चुकतं केलं. तुम्ही कासवामागे होता तेव्हा. बिचारा दारात नोट घेऊन उभा होता, रडकुंडीला आला होता. मला म्हणाला, काका पळाले."

चार साठ आणि वीस, चार ऐंशी. हिशेब जुळला. मी वहीत शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

मग आठवला तो एक तारा. लगेच फोन घेऊन बसलो. दिलेला तारा बदलायची सोय सापडेना, म्हणून मदत विभागाला पत्र लिहिलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की' पासून सुरुवात केली, भाषांतर करून इंग्रजीत टाकलं. दोष सर्वस्वी माझा आहे, सदर चालकाने पाच लाखांची नोट परत करण्यासाठीच माझा पाठलाग केला, सबब त्यास पाच तारे द्यावेत, असं स्पष्ट लिहिलं. दुसऱ्या मिनिटाला उत्तर आलं. कुणा माणसाने वाचलं नसावं. चालकाच्या वर्तनामुळे मला झालेल्या त्रासाबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली होती आणि सोबत वीस हजार डोंगांचं सवलतीचं कूपन पाठवलं होतं. फक्त दुचाकीसाठी, हनोई शहराच्या हद्दीत, सात दिवसांच्या आत.

ही दारातून म्हणाली, "चला, रिक्षा आलीय. आणि आज मीटरकडे मी बघते."